एका बोर्डाचे मौन : दूरध्वनीच्या इतिहासाला जोडलेली एक तळटीप

दूरध्वनीचा इतिहास आपल्याकडे लिहिला जातो तो बहुधा शोधांचा आणि उद्घाटनांचा इतिहास असतो. बेलचे पेटंट १८७६ चे, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील पहिली केंद्रे २८ जानेवारी १८८२ ची, लखनौ-कानपूर ही पहिली थेट ट्रंक-सेवा १९६० ची. अशा तारखांची माळ ओवली की इतिहास लिहून झाला असे मानण्याची प्रथा आहे. यंत्र बंद पडल्यावर काय झाले, ते कोणी उघडले, आत काय सापडले आणि जे सापडले नाही ते शेवटी कोणाला विचारावे लागले, याची नोंद सहसा राहत नाही. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. विद्युत्शास्त्राशी आमचा संबंध दिवा लावण्यापुरता. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहोत, कारण एका बंद पडलेल्या यंत्राने आम्हाला पंधरा दिवस इतिहास शिकवला.

२०१८ च्या जून महिन्याची ही हकीकत आहे. प्रवेशाचे दिवस होते. मे महिन्याच्या सुट्टीत कार्यालयाच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बदलण्यासाठी मेन स्विच बंद केला गेला होता आणि सुट्टी असल्यामुळे तो तीन आठवडे तसाच राहिला. महाविद्यालय उघडले, स्विच वर केला, पंखे फिरू लागले, संगणक सुरू झाले. जिन्याखालच्या खोलीतला टेलिफोनचा बोर्ड मात्र सुरू झाला नाही. (तांत्रिक भाषेत त्याला ‘इपीएबीएक्स’ म्हणतात. महाविद्यालयात सर्व जण ‘बोर्ड’च म्हणत आणि आम्हीही येथे तोच शब्द वापरू.) तीन बाहेरच्या लाइनी, अठ्ठेचाळीस एक्स्टेंशने, आणि सगळी मुकी. रिसीव्हर उचलला तर डायलटोनही नाही. देखभालीचा वार्षिक करार कधीच संपलेला होता आणि ज्या कंपनीने बोर्ड दिला ती तो बनवणे थांबवून बरीच वर्षे झाली होती. नवा बोर्ड घ्यायचा तर दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, खरेदी समिती, म्हणजे दिवाळी उजाडणार. प्राचार्यांनी हे काम आमच्याकडे का सोपवले हे कोडे आम्हाला अजून सुटलेले नाही. मराठी विभागाला त्या दिवसांत काम नसते असा एक समज सर्वत्र आढळतो, तेच कारण असावे.

गावात दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. वय सत्तरीच्या पुढे. सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. ते आले, आणि आल्याबरोबर त्यांनी बोर्डाला हात लावला नाही. आधी भिंतीवरचा प्लग तपासला, मग फ्यूज, मग अर्थिंगचा खड्डा कोठे आहे ते विचारले. इमारतीच्या मागे झुडपांत तो सापडला. कोळसा आणि मीठ घातलेला खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, म्हणून त्यात पाणी घालायचे असते, आणि कित्येक वर्षांत ते कोणी घातले नव्हते. शिपायाने दोन बादल्या पाणी ओतले. “याने सुरू होणार नाही, सर,” काका म्हणाले, “पण आधी बाहेरचं बघावं, मग आतलं.” संहितेच्या अभ्यासात आम्ही विद्यार्थ्यांना नेमके हेच सांगत असतो. फरक इतकाच, की आमचे म्हणणे कोणी ऐकत नाही.

मग त्यांनी पुढचे झाकण काढले, स्विच चालू केला आणि कान लावून बसले. आतून एक बारीक आवाज येत होता, टिक्, थोडी विश्रांती, पुन्हा टिक्. त्या आवाजाबरोबर हिरवा दिवा क्षणभर मंद उजळे आणि विझे. काका म्हणाले, “उठायला बघतंय, पण उठवत नाही त्याला.” दोष बोर्डात नव्हता, बोर्डाला वीज पुरवणाऱ्या भागात होता. या भागातील नियंत्रक चिप सुरू होताना तिला लागणारी वीज एका छोट्या कपॅसिटरमध्ये साठते. चिप जागी झाली की पुढची वीज तो भाग स्वतःच निर्माण करतो आणि कपॅसिटरवरचा भार हलका होतो. कपॅसिटरच्या आत एक द्रव असतो. तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो आणि दहा अंश तापमान वाढले की त्याचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते. आमच्या जिन्याखालच्या खोलीला खिडकी नाही. द्रव सुकला होता, साठा पुरत नव्हता, चिप जागी होऊन लगेच झोपत होती.

मग इतकी वर्षे बोर्ड चालला कसा? या प्रश्नाच्या उत्तराने आम्हाला थक्क केले. बोर्डाच्या स्वतःच्या बॅटऱ्या २००६ साली गळू लागल्या म्हणून काढून टाकल्या होत्या आणि बोर्ड कार्यालयाच्या इन्व्हर्टरवर जोडला होता. तेव्हापासून तो एकदाही पूर्ण बंद पडला नव्हता. भारनियमनाच्या काळातही नाही. चालू असताना त्या कपॅसिटरकडून फारसे काही मागितले जात नव्हते. तो कधी मेला हे कोणाला कळलेच नाही. बंद केल्यावर कळले. काकांनी बाजारातून काही रुपयांचे दोन कपॅसिटर आणले, अंगणातल्या बाकावर बसून डाग दिले, आणि हिरवा दिवा स्थिर झाला. डायलटोन आला. आम्ही चहा मागवला. हकीकत येथे संपली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

अर्ध्या तासाने ग्रंथालयातून निरोप आला, की जिमखान्याला फोन लावला तर तो भूगोल विभागात वाजतो. लेखा विभागातून परीक्षा विभागाला लावलेला फोन एका बंद खोलीत वाजत होता. बोर्ड जिवंत झाला होता, पण त्याची स्मृती गेली होती. कोणत्या खोलीला कोणता क्रमांक, बाहेरचा फोन आला तर आधी कोठे वाजावा, परगावी फोन लावण्याची मुभा कोणाला, हे सर्व ज्या चिपमध्ये लिहिलेले होते ती एका छोट्या बॅटरीच्या आधाराने ते लक्षात ठेवते. ती बॅटरीही कधीच मेलेली होती. तिच्या क्षाराने कार्डावर हिरवट डाग पडला होता. वीज अखंड असेपर्यंत बॅटरीची गरज पडली नाही, आणि मे महिन्यातल्या त्या तीन आठवड्यांत सगळे पुसले गेले. बोर्ड आता कारखान्यातून निघाल्या दिवसाच्या क्रमाने चालत होता. म्हणजे २०१ पासून २४८ पर्यंत, तारा ज्या क्रमाने खोचल्या त्या क्रमाने.

येथे थोडे मागे गेले पाहिजे, कारण टेलिफोनच्या यंत्राने नेमके काय लक्षात ठेवायचे असते आणि माणसाने काय, हा प्रश्न आमच्या जिन्याखालचा नाही. तो या माध्यमाच्या जन्मापासूनचा आहे.

पहिले व्यापारी केंद्र जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे उघडले. त्याचे ग्राहक एकवीस. त्याचा बोर्ड घोडागाडीच्या बोल्टांचा आणि चहादाणीच्या झाकणांच्या मुठींचा बनवला होता असे सांगतात. अशा केंद्रांत आधी तारखात्यातली पोरे कामाला ठेवली गेली. ती ग्राहकांशी उद्धटपणे बोलत, खोड्या काढत. म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरात बोस्टनमध्ये एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर नेमली गेली, आणि पुढे हे काम स्त्रियांचे ठरून गेले. त्या काळी क्रमांक नव्हते. ग्राहक नाव सांगे, आणि त्या नावाचे छिद्र कोठे आहे हे ऑपरेटरच्या डोक्यात असे. म्हणजे केंद्राची संपूर्ण स्मृती दोन-चार माणसांच्या ठायी होती.

क्रमांक आले ते सोयीसाठी आले असे आपण समजतो. ते भीतीपोटी आले. १८७९ साली मॅसॅच्युसेट्समधील लोवेल या गावी गोवराची साथ पसरू लागली. मोझेस पार्कर नावाच्या डॉक्टरला शंका आली, की गावातील चारही ऑपरेटर एकाच वेळी अंथरुणाला खिळले तर दोनशेहून अधिक ग्राहकांची नावे आणि छिद्रे बदलीच्या माणसांना शिकवणार कोण? त्याने सुचवले, ग्राहकांना क्रमांक द्या. माणसाला आकडा म्हटलेले लोकांना आवडणार नाही, अशी धास्ती कंपनीच्या मंडळींना वाटली म्हणे. पण लोकांनी ते निमूटपणे स्वीकारले, आणि आज आपण सर्वच जण आकडे आहोत. साहित्याच्या अभ्यासकांनी या घटनेकडे जरूर पाहावे असे आम्हाला वाटते. नावाकडून क्रमांकाकडे झालेल्या आधुनिक प्रवासाची चर्चा आपण कवितेच्या संदर्भात पुष्कळ केली आहे. तिचे एक मूळ गोवराच्या साथीत आहे हे आम्हाला ठाऊक नव्हते.

पुढची पायरी अर्थातच ऑपरेटरलाच काढून टाकण्याची. तिचे श्रेय कॅन्सस सिटीतील अल्मन स्ट्रोजर या अंत्यविधीच्या व्यावसायिकाला दिले जाते. केंद्रातील बाई आपले ग्राहक प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याचा संशय होता, आणि त्या संशयातून त्याने स्वयंचलित स्विच कल्पिला, अशी प्रसिद्ध कथा आहे. पेटंट १० मार्च १८९१ चे. पहिले केंद्र ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे सुरू झाले. मुलीवाचून, शिव्यांवाचून, वाट पाहण्यावाचून आणि बिघाडावाचून चालणारा टेलिफोन अशी त्याची जाहिरात झाली. शेवटच्या विशेषणाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. माणूस काढला की बिघाडही जातो, ही श्रद्धा त्या जाहिरातीत प्रथम स्पष्टपणे बोलली गेली. या कथेची एक दुसरी बाजूही सांगितली जाते, आणि ती आम्हाला अधिक खरी वाटते, निदान अधिक आवडते तरी. स्ट्रोजरच्या तक्रारीनंतर कंपनीचा माणूस त्याच्या दुकानी गेला, तेव्हा त्याला दिसले की टेलिफोनच्या वर भिंतीवर एक धातूची पाटी टांगलेली आहे आणि वारा आला की ती हलून जोडणीला लागते. तेवढ्याने लाइन बंद पडत असे. दोष बाईचा नव्हता, पाटीचा होता. तोवर स्विचची कल्पना त्याच्या मनात रुजून चुकली होती.

काका ज्या केंद्रात उमेदवारी करून शिकले ते स्ट्रोजर पद्धतीचेच होते. कार्डावरचा क्षार ब्रशने खरवडता खरवडता त्यांनी आम्हाला त्या स्विचची चाल हाताने करून दाखवली. आधी वर चढायचे, दहा पायऱ्यांपैकी हवी तेवढी, आणि मग आडवे फिरायचे, दहा घरांपैकी हवे तेवढे. दहा गुणिले दहा, शंभर ग्राहक. हजारो स्विच एकाच वेळी चढत-फिरत, आणि केंद्रात बोललेले ऐकू येत नसे. पण त्या गोंगाटात एखाद्या स्विचचा ताल चुकला तर जुन्या माणसांना तो लगेच कळे. बिघाड कानांना आणि डोळ्यांना दिसत असे. “आता कार्ड काढायचं, कार्ड घालायचं,” ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात नव्हे, नुसते सांगितले.

भारतातले पहिले स्वयंचलित केंद्र सिमल्याला, १९१३-१४ च्या सुमारास, सातशे लाइनींचे. सरकार उन्हाळ्यात जेथे जाई तेथे ऑपरेटरवाचूनचा टेलिफोन प्रथम गेला, यावर एक स्वतंत्र लेख होईल. मुंबईसारख्या शहरांतील केंद्रे खासगी कंपन्यांकडे होती, ती १९४३ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. १९४८ मध्ये बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज स्थापन झाली आणि स्ट्रोजर स्विच येथे बनू लागले. साठच्या दशकात बेल्जियमच्या सहकार्याने क्रॉसबार पद्धत आणली गेली. ती जिथे घडली त्या देशांत एका लाइनीवरून दिवसाकाठी थोडेच कॉल होत. आपल्याकडे टेलिफोन कमी, त्यामुळे एकेका टेलिफोनवर सारी आळी बोलायची. गणित कोलमडले. आमच्या पिढीच्या लहानपणी फोन ‘लागत नसे’, त्याचे एक कारण हे होते. यंत्राला आपली शेजारधर्माची पद्धत ठाऊक नव्हती.

ही चूक ओळखून काम झाले ते १९८४ च्या ऑगस्टमध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेत. छत्तीस महिने आणि छत्तीस कोटी रुपये, एवढ्यात देशी इलेक्ट्रॉनिक केंद्र उभारायचे ठरले. सॅम पित्रोदा यांचे नाव या उपक्रमाशी कायमचे जोडले गेले आहे. वातानुकूलनावाचून, धुळीत आणि उकाड्यात चालेल असे १२८ लाइनींचे ग्रामीण केंद्र तेथे तयार झाले. त्याचे पहिले केंद्र १९८६ साली कर्नाटकातील कित्तूरला बसले. कार्यालयांत वापरायची लहान उपकरणे बनवण्याची मुभा खासगी कंपन्यांना १९८४ पासून मिळाली होती, आणि नव्वदीच्या दशकात बँका, इस्पितळे, कारखाने, महाविद्यालये यांच्या जिन्याखाली बोर्ड दिसू लागले.

आमचा बोर्ड १९९४ चा. खरेदीची फाइल दप्तरात मिळाली, आणि ती वाचताना आम्ही कपॅसिटर विसरलो. त्यापूर्वी महाविद्यालयात एकच टेलिफोन होता, प्राचार्यांच्या दालनात, डायलच्या पहिल्या भोकाला पितळी कुलूप घातलेला. फाइलमध्ये कोणाला काय द्यायचे याचा तक्ता आहे. परगावी फोन लावण्याची मुभा चौघांना : प्राचार्य, उपप्राचार्य, कार्यालयीन अधीक्षक आणि वसतिगृहप्रमुख. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वाणिज्य या विभागांना स्वतंत्र एक्स्टेंशन, गावातल्या गावात फोनच्या मुभेसह. मराठी, हिंदी आणि संस्कृत या तीन विभागांना मिळून एक, केवळ अंतर्गत, आणि तेही व्हरांड्यात. संस्थेतील मानापमानाचा इतका स्वच्छ दस्तऐवज आम्ही दुसरा पाहिलेला नाही. तक्ता मात्र प्रस्तावाचा होता. तारा प्रत्यक्षात कशा टाकल्या आणि नंतरच्या चोवीस वर्षांत कोठे हलवल्या, हे त्यात नव्हते. ते कोठेच नव्हते.

म्हणून आम्ही ऑपरेटरबाईंना फोन केला.

बाई २००९ साली निवृत्त झाल्या. ऑपरेटर हा आमचा शब्द. सेवापुस्तकात त्या कनिष्ठ लिपिक होत्या, आणि महाविद्यालयाच्या कोणत्याही कागदावर ‘टेलिफोन ऑपरेटर’ असे पदच आढळत नाही. त्या गेल्यावर जागा भरली गेली नाही. बोर्डाला एक ध्वनिमुद्रित स्वागत जोडले गेले, जे बाहेरच्या माणसाला एक्स्टेंशनचा क्रमांक विचारत असे. तो क्रमांक बाहेरच्या माणसाला ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते. ठाऊक नसल्यास थांबा, असे तो आवाज सांगे, आणि मग कॉल बाईंच्या रिकाम्या टेबलावर वाजे. शेजारचा कोणी लिपिक मनात आले तर उचले.

दुसऱ्या दिवशी बाई रिक्षाने आल्या. आमच्यापैकी एकाने तारांच्या चौकटीपाशी चाचणीचा फोन घेऊन उभे राहायचे, एकेक जोडी वाजवायची, दुसऱ्याने ती कोठे वाजते ते शोधत चार मजले हिंडायचे, असा आमचा बेत होता. बाईंनी खुर्ची मागितली आणि डोळे मिटून सांगायला सुरुवात केली. आम्ही लिहीत गेलो. पण त्या क्रमांक सांगत नव्हत्या, माणसे सांगत होत्या. “हा भूगोलाच्या सरांचा. नाही, आत्ताचे नव्हे, त्यांच्या आधीचे, ते उंच. हा जुन्या लेडीज रूमचा, तिथं आता झेरॉक्स आहे ना? हा पाटणकर-हॉलच्या मागचा नव्हे हो मॅडम, स्टेजच्या मागचा, गॅदरिंगला लागायचा.” (हॉलचे नाव आम्ही बदलले आहे.) बोर्डाने तिला क्रमांक दिले होते, पण पंधरा वर्षे तिने मनात महाविद्यालय नावांनीच लावून ठेवले होते. लोवेलच्या त्या चौघींसारखे, गोवराच्या आधीचे. अठ्ठेचाळीसांपैकी त्रेचाळीस जोड्या तिने न उठता सांगितल्या. आम्ही नंतर पडताळून पाहिल्या. दोन चुकल्या होत्या, आणि त्या दोन्ही तारा तिच्या निवृत्तीनंतर हलवलेल्या निघाल्या.

(मागच्या परिच्छेदात आमच्याकडून ‘तिने’ असे एकेरी लिहिले गेले. मराठीत यंत्राविषयी लिहिता लिहिता माणसाचा आदरार्थ कसा निसटतो याचा पुरावा म्हणून ते तसेच ठेवत आहोत. बाईंची क्षमा मागितली आहे.)

त्या दुपारी काका आणि बाई यांचे बोलणे ऐकताना आमचे लक्ष शब्दांकडे गेले. ‘दूरध्वनी’ हा शब्द भाषाशुद्धीच्या चळवळीने दिला, सावरकरांच्या नावावर तो सांगितला जातो, आणि पाट्यांवर, निमंत्रणपत्रिकांवर, या लेखाच्या मथळ्यात तो नांदतो. बोलण्यात तो त्या दोघांनी एकदाही वापरला नाही. ते फोन ‘फिरवत’ होते, ‘लावत’ होते, ‘जोडून देत’ होते. फिरवणे हे गोल डायलचे क्रियापद. त्या डायलचा जन्म १८९६ चा, आणि तो आपल्या घरांतून जाऊन कित्येक वर्षे झाली, तरी फोन अजून फिरवला जातो. ‘जोडून देणे’ हे ऑपरेटरचे. ‘लागणे’ कोठून आले असावे? दिवा लागतो, ठेच लागते, तहान लागते, म्हणजे जे आपल्या हाती पूर्णपणे नाही ते लागते. ट्रंक बुक करून तासन्‌तास बसणाऱ्या समाजाने टेलिफोनसाठी हेच क्रियापद निवडावे हे साहजिक होते. ट्रंक साधा, तातडीचा किंवा ‘लाइटनिंग’. तातडीचा दुप्पट दराने, लाइटनिंग आठपट दराने, आणि मृत्यूच्या बातमीखेरीज लाइटनिंग लावणारा माणूस आमच्या घरांत तरी कोणी नव्हता. ‘नंबर’ या शब्दाचेही असेच. वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहिल्यावर एक दिवस ‘फोनचा नंबर लागे’, आणि मगच फोनला नंबर मिळे. आधीचा नंबर रांगेतला, नंतरचा डायलवरचा. एकच शब्द दोन्ही अर्थांनी एका वाक्यात वापरून कोणाचा गोंधळ उडाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

यादी पुरी होत आली तेव्हा एक जोडी उरली. चौकटीवर तार होती, पण कोणत्याही खोलीत ती पोचत नव्हती. बाई म्हणाल्या, “तो रात्रीचा.” आम्हाला कळेना. त्यांनी समजावले. संध्याकाळी साडेपाचला घरी निघताना त्या बोर्डावर दोन कळा दाबत. त्यानंतर बाहेरून आलेला प्रत्येक फोन फाटकाजवळच्या पहारेकऱ्याच्या चौकीत वाजे. सकाळी आल्या की पुन्हा दोन कळा. वसतिगृहात तेव्हा शंभरावर मुले होती आणि बहुतेक खेड्यांतली. “घरी काही झालं तर फोन रात्रीच येतो ना सर. कुणी तरी उचलायला हवा.” हे काम त्यांना कोणी सांगितले होते? कोणी नाही. माहितीपुस्तिकेत ‘नाइट सर्व्हिस’ अशी सोय आहे हे त्यांनी वाचले होते, आणि तार टाकायला आलेल्या माणसाला चहा पाजून चौकीपर्यंत एक जोडी ओढून घेतली होती. खरेदीच्या तक्त्यात ती नाही. म्हणजे १९९४ पासून २००९ पर्यंत रोज संध्याकाळी कोणी तरी ही दोन कळांची व्यवस्था करीत होते, आणि २००९ पासून कोणी करीत नव्हते. नऊ वर्षे रात्रीचे फोन कुलूपबंद कार्यालयात, रिकाम्या टेबलावर वाजत राहिले असणार. किती वाजले, कोणासाठी वाजले, याची नोंद ठेवण्याची सोय त्या बोर्डात नव्हती. मोबाइल आल्यामुळे ते कमी झाले असतील, असे आम्ही एकमेकांना म्हणालो. २००९ मध्ये आमच्या वसतिगृहातल्या किती मुलांकडे मोबाइल होता हे आम्हा दोघांनाही चांगले आठवते, म्हणून ते वाक्य पुन्हा उच्चारले नाही.

स्वयंचलित यंत्राच्या इतिहासात ऑपरेटर ही मधली अवस्था म्हणून येते. यंत्र पुरेसे शहाणे नव्हते तोवर माणूस हवा होता, मग तो नको झाला, अशी ती मांडणी आहे. स्मृतीपुरती ती मांडणी निम्मी खरी आहे. कोणती तार कोठे जाते हे यंत्र लक्षात ठेवू शकते, बॅटरी असेपर्यंत. साडेपाच वाजले, आता फोन कोठे वाजायला हवा, हा प्रश्न मात्र यंत्राला पडत नाही. आमच्या बोर्डात तो प्रश्न सोडवण्याची सोय पहिल्या दिवसापासून होती. विचारणारे माणूस होते, आणि त्या माणसाचे पद कागदावर नसल्यामुळे ते गेल्याचेही कागदावर आले नाही. स्ट्रोजरला ऑपरेटरच्या हेतूविषयी संशय होता. आमच्याकडे हेतू असलेले एकच माणूस त्या साखळीत होते.

काकांनी कार्डावर नवी बॅटरी बसवली. बाईंनी सांगितलेली यादी आम्ही दोन संध्याकाळी बसून कळांनी भरली, टंकलिखित केली, आणि तिची एक प्रत तारांच्या चौकटीच्या झाकणाला आतून चिकटवली. मुभांचा १९९४ चा तक्ता मात्र आम्ही पाळला नाही. मराठी विभागाला आता गावात फोन लावता येऊ लागला, ही आमच्या हातून घडलेली एकमेव अधिकारबाह्य कृती येथे कबूल करतो. चौकीत तार होती पण फोन नव्हता, म्हणून व्हरांड्यातला तीन विभागांचा फोन तेथे नेला. साडेपाचच्या दोन कळा दाबण्याचे काम आम्ही आळीपाळीने करू लागलो. शनिवारी कधी राहून जात असे.

२०२२ साली बोर्ड निर्लेखित झाला. जडसंग्रह नोंदवहीत ‘दूरध्वनी यंत्र, नग १’ या नोंदीवर लाल शाईची रेघ आहे. भंगारवाल्याने तो वजनावर नेला. तारांची चौकट भिंतीवरच आहे, कारण ती नोंदवहीत नाही आणि जे नोंदवहीत नाही ते काढून टाकण्याची परवानगी कोणाकडे मागायची हे ठरलेले नाही. पहारेकऱ्याला आम्ही एकदा विचारले होते, की या चार वर्षांत रात्री कधी फोन आला का. तो म्हणाला, एकदा आला होता, पाऊस होता, एक बाई विचारत होती की हे बसस्थानक का. त्याने तिला बसस्थानकाचा नंबर सांगितला.